डिपस्टिक पुसल्याशिवाय वाचू नका: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी नीट कशी तपासायची

हायवेवरच्या पंपावर गाडी थांबते. इंधन भरेपर्यंत कोणीतरी हसतमुखाने बॉनेट उघडायला लावतो, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, ओढून काढतो आणि नाकासमोर धरतो. "साहेब, ऑइल एकदम खाली आहे." काठीवर खरंच ऑइल कमी दिसतं. एक लिटरचा डबा फोडला जातो, पैसे दिले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बघावं तर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर.

यात दर वेळी फसवणूक असतेच असं नाही. दोन तास पळालेलं इंजिन अर्ध्या मिनिटापूर्वी बंद झालेलं असतं. बरंचसं ऑइल अजून वर, हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि बारीक वाटांमध्ये असतं, खालच्या चेंबरमध्ये उतरलेलं नसतं. काठी पूर्ण आत ढकलली नसेल तर पातळी आणखी कमी दिसते.

न तपासणारे लोक आहेतच. पण मला जास्त वेळा दिसतात ते चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी तपासून लगेच ओतणारे. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी आधी गाडी कशा स्थितीत हवी ते दिलं आहे आणि ओतायचं काय ते नंतर.

## तयारी: आदल्या संध्याकाळपासून

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. फरशीवर एक गोटी ठेवून बघा. ती गडगडत गेली तर जागा बदला. मी वर्षभर गाडी रॅम्पच्या पायथ्याशी लावून ऑइल बघत होतो आणि दर महिन्याला "थोडं कमी" म्हणून थोडं ओतत होतो. सर्व्हिसला गाडी गेली तेव्हा जवळजवळ पाऊण लिटर जादा निघालं.

हाताशी ठेवायच्या वस्तू: धागे न सुटणारं जुनं सुती कापड (जुना बनियन उत्तम, कॉटन वेस्ट नको, त्याचे तंतू काठीला चिकटून आत जातात), टॉर्च, स्वच्छ कोरडं नरसाळं, मापाच्या खुणा असलेला छोटा मग, डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीबरोबर आलेलं मालकाचं पुस्तक. ब्रेकच्या द्रवासाठी आणि ऑइलसाठी एकच नरसाळं कधीही वापरू नका.

पुस्तकातून तीन गोष्टी लिहून घ्या: इंजिन ऑइलचा ग्रेड (ते किती पातळ-जाड ते सांगणारा कोड), कूलंटचा म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा प्रकार, ब्रेक फ्लुइडचा म्हणजे ब्रेक ऑइलचा डॉट क्रमांक (त्याचा दर्जा सांगणारा). हे तिन्ही मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेत तरी चालेल. दुकानात उभं राहून "कुठलंही चांगलं द्या" म्हणायची वेळ येऊ नये.

क्रम ठरवून घ्या. काही गोष्टी इंजिन थंड असतानाच बघायच्या असतात, काही गरम करून. उलट क्रमाने गेलात तर एक तर हात भाजेल किंवा अर्धा दिवस वाट बघावी लागेल. म्हणून सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर आधी कूलंट, मग ब्रेक, मग बॅटरी. त्यानंतर इंजिन चालू करून गरम करायचं, बंद करायचं, आणि ऑइल खाली उतरेपर्यंत काचेचं पाणी भरायचं. ऑइल सगळ्यांत शेवटी.

> सावधान: बॉनेट उघडल्यावर टेकूची दांडी तिच्या खाचेत नीट बसली का ते हलवून बघा. ओढणी, टायची टोकं, सैल बाह्या दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

## टप्पा १: कूलंट, पूर्ण थंड इंजिनवर

बहुतेक गाड्यांत अर्धपारदर्शक पांढरी प्लास्टिकची टाकी असते आणि तिच्यावर खाली-वर दोन रेषा. झाकण न उघडता, बाजूने टॉर्च मारून पातळी बघा. टाकी जुनी होऊन पिवळी पडली असेल तर गाडीला हलकासा धक्का द्या, आतलं पाणी हललं की रेघ दिसते.

आता एक गोष्ट जी अनेकांना माहीत नसते. टाक्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात टाकीच दाबाखाली असते, तिचं झाकण जाड, आट्यांचं आणि इशाऱ्याचं चित्र असलेलं असतं. तिथे टाकीतली पातळी म्हणजेच खरी पातळी. दुसऱ्या प्रकारात टाकी नुसती राखीव असते, तिचं झाकण साधं, दाबून बसवायचं असतं आणि दाबाचं झाकण वेगळं, रेडिएटरच्या डोक्यावर असतं. या दुसऱ्या प्रकारात टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होऊ शकतं. झाकणाचं रबर किंवा मधली नळी खराब झाली की टाकीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जात नाही. अशी गाडी तुमच्याकडे असेल तर महिन्यातून एकदा, थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट काठापर्यंत आहे का ते बघा.

> सावधान: गरम इंजिनवर दाबाचं झाकण उघडू नका. बंद यंत्रणेतलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. "पाच मिनिटं थांबलो" हे पुरेसं नाही. रेडिएटरची वरची जाड नळी हाताला थंड आणि दाबल्यावर मऊ लागली पाहिजे.

कमी असेल तर काय ओतायचं? बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलं असेल तर तसंच. "कॉन्सन्ट्रेट" असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून, बहुधा निम्मं-निम्मं. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा असं नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असतं. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि गोठणबिंदू खाली आणतं, आणि त्यातली रसायनं ॲल्युमिनियमला गंज चढू देत नाहीत. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३५ अंशांच्या आसपास असतो. त्याचं महत्त्व लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांना. आपल्याकडे खरी गरज गंजापासून बचावाची. बोअरचं जड पाणी ओतणारे नेमके तिथेच मार खातात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हा कंपन्यांनी निवडलेला रंग आहे, तो रसायनाचा प्रकार सांगत नाही. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधक निकामी होतात आणि कधीकधी चिकट गाळ तयार होतो. आत काय आहे याची खात्री नसेल तर थोडंसं डिस्टिल्ड वॉटर घालून काम भागवा आणि पुढच्या सर्व्हिसला पूर्ण बदलून घ्या. रस्त्यात अडकलात आणि काहीच मिळत नसेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली चालेल, फक्त इंजिन थंड झाल्यावर. कोरड्या पडलेल्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

> तपासून बघा: वरच्या रेषेच्या थोडं खालीच थांबलात का? गरम झाल्यावर कूलंट फुगतं, त्याला जागा हवी. आणि सांडलेलं लगेच पाण्याने धुवा. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

महिन्याभरात दुसऱ्यांदा घालावं लागलं तर गळती शोधा. नळ्यांच्या जोडांवर पांढरट-हिरवट खपली, गाडीत गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट वाफ, सकाळी इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर यांपैकी एक खूण बहुतेक सापडते.

## टप्पा २: "ब्रेक ऑइल", जे ऑइल नाहीच

या द्रवाला आपण सगळेच ब्रेक ऑइल म्हणतो आणि या नावानेच घात होतो. नेहमीच्या गाड्यांतलं ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलच्या जातीचं असतं. त्यात चमचाभर इंजिन ऑइल पडलं तरी आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक जाम होऊ शकतात किंवा जाऊ शकतात. असं झालं तर पेडल एकदाही न दाबता गॅरेजला कळवा. आतले रबरी भाग बदलायची पाळी येते.

चालकाच्या बाजूला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) छोटी टाकी असते. तीही बाहेरूनच वाचायची. झाकण विनाकारण उघडायचं नाही, कारण हा द्रव हवेतलं बाष्प शोषतो. आपल्या पावसाळी हवेत तर जास्तच. नव्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर मात्र मानकातली किमान अट १५५ अंशांवर येते. आंबेनळी किंवा आंबोलीचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरताना पाणी मुरलेला द्रव कॅलिपरमध्ये (चाकाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात) उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून पातळी बरोबर असली तरी साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलायचा असतो. तुमच्या पुस्तकात वेगळा काळ दिला असेल तर तो पाळा.

पातळी खाली आली तर लगेच ओतू नका. इथे बहुतेक जण चुकतात. ब्रेक पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्या मागे द्रव जातो आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ही गळती नव्हे. आधी पॅड बघा. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारली तर बहुतेक वेळा दिसतात. झिजले असतील तर पॅड बदला, पातळी आपोआप वर येईल. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरून ठेवली तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की द्रव वरून सांडतो, आणि तो गाडीचा रंग खातो.

पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरतेय, किंवा एकाएकी उतरली, तर गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर डाग शोधा. पुष्कळ गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच टाकीतून पितो, म्हणून क्लच पेडलच्या मुळाशीही बोट फिरवून बघा. अशी गाडी घाटात नेऊ नका. खरं तर नाक्यापर्यंतही नको.

ओतायचंच असेल तर आधी झाकणाभोवतीची धूळ ओल्या कापडाने पुसून कोरडी करा. डॉट क्रमांक झाकणावर छापलेला असतो. बाटली नवी, सीलबंद हवी. कपाटात वर्षभर अर्धी पडलेली बाटली फेकून द्या. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच जातीचे आहेत, पण डॉट ५ सिलिकॉनचा असतो, तो यांच्यात चालत नाही. डॉट ५.१ नाव सारखं असलं तरी पुन्हा ग्लायकॉलचाच. घोळ नको असेल तर झाकणावर लिहिलंय तेच घ्या.

दुचाकीची ब्रेकची टाकी हँडलवर असते. गाडी सरळ उभी आणि हँडल असं वळवलेलं हवं की टाकी आडवी सपाट येईल. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत खिडकीतली पातळी खोटी दिसते.

## टप्पा ३: बॅटरीचं पाणी

वरून पूर्ण बंद, मेंटेनन्स-फ्री बॅटरी असेल तर हा टप्पा सोडा. सहा झाकणं असतील तर घरच्या इन्व्हर्टरसारखंच काम: प्रत्येक कप्प्यात प्लेट बुडालेल्या हव्यात आणि पातळी बाहेरच्या दोन रेषांमध्ये. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड नाही, फिल्टरचं पाणी नाही, एसीतून ठिबकलेलं पाणीही नाही.

> सावधान: आत बघायला काडी किंवा लायटर पेटवू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण अंधारात टॉर्च न सापडल्यावर माणूस हेच करतो.

## टप्पा ४: इंजिन गरम करा, मग थांबा

आता गाडी चालू करून दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारून या. त्याच सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. बहुतेक पुस्तकांत ५ मिनिटांच्या आसपास सांगितलेलं असतं. मी १० थांबतो.

या वेळात काचेच्या पाण्याची टाकी भरा. झाकणावर पाण्याच्या कारंज्याचं चित्र असतं. ते आणि कूलंटचं झाकण यांत गल्लत करू नका, विशेषतः दोन्ही पांढऱ्या टाक्या शेजारी असतील तर. कपडे धुण्याची पावडर घालू नका, तिचे क्षार नोझलच्या छिद्रात बसतात. साधं स्वच्छ पाणी आणि टोपणभर वॉशरचं लिक्विड पुरे.

पॉवर स्टिअरिंगकडेही याच वेळी नजर टाका. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत ते विजेवर चालतं, तिथे तपासायला काही नाही. जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या गाड्यांत द्रव असतो. टाकीवर किंवा तिच्या झाकणाच्या काठीवर गरम आणि थंड अशा वेगळ्या खुणा असू शकतात. इंजिन आत्ता गरम आहे, तेव्हा गरमची खूण वाचा.

काही इंजिनांत थंड असतानाही ऑइल वाचलेलं चालतं आणि सकाळचं वाचन चांगलंच येतं, कारण रात्रभरात सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. पण एकदा थंड, एकदा गरम असं केलं तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. एक पद्धत धरा. पुस्तकाने स्पष्ट सांगितलं असेल तर तीच.

## टप्पा ५: इंजिन ऑइल, चारचाकी

1. डिपस्टिकची मूठ पिवळी किंवा केशरी, कडी असलेली असते. कापड नळीच्या तोंडाशी धरून काठी सावकाश बाहेर काढा. हे पहिलं वाचन नाही. गाडी चालताना ऑइल उडून काठीभर लागलेलं असतं.
2. काठी टोकापासून मुठीपर्यंत दोन्ही बाजूंनी कोरडी पुसा.
3. काठी पुन्हा आत घाला. मूठ नळीवर टेकेपर्यंत, पूर्ण. अर्धवट राहिली की पातळी कमी दिसते. काठीला वाक असेल तर पहिली होती त्याच दिशेने घाला.
4. दोन सेकंद थांबून सरळ वर ओढा आणि काठी आडवी धरा. उभी धरली की ऑइल ओघळून आकडा बदलतो.
5. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला नळीच्या भिंतीचं ऑइल घासून वर गेलेलं असतं. जी बाजू कमी दाखवते ती खरी. अखंड ओली रेघ जिथे संपते ती पातळी, तुटक थेंब मोजायचे नाहीत.
6. शंका असेल तर पुसून पुन्हा करा. दोन वाचनं जुळली पाहिजेत.

पातळी दोन खुणांच्या मध्ये कुठेही असली तरी गाडी सुरक्षित आहे. दर वेळी वरच्या खुणेला टेकवायचा अट्टहास नको. अर्ध्याच्या खाली असेल आणि लांब जायचं असेल तर घाला.

किती घालायचं? बऱ्याच कारमध्ये खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर लागतं, म्हणजे अर्ध्यावर असेल तर अर्धा लिटर. लहान इंजिनात त्याहून कमी. एका वेळी २०० मिलीच ओता, पाच मिनिटं थांबा, पुसून पुन्हा वाचा. मापाचा मग त्यासाठीच. डबा उपडा करणारे इथे फसतात. घातलेलं ऑइल काढायला इंजिनाखालचा नट उघडावा लागतो.

जादा ऑइल "असू दे, कामाला येईल" या प्रकारातलं नाही. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) ऑइल घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. जादाचं ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर पाइपमधून) हवेच्या वाटेत जाऊन जळतं, धूर येतो, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) खराब होतो.

ग्रेड: नव्या पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० अशी पातळ ऑइलं असतात. "आपल्याकडे उष्णता फार, जाड टाका" हा सल्ला त्या इंजिनांना लागू नाही. त्यांच्या बारीक वाटा आणि पंप पातळ ऑइल धरूनच बनवलेले असतात. अडचणीत वेगळा ग्रेड थोडा घालावा लागला तर घाला, कारण ऑइल नसण्यापेक्षा ते कधीही बरं, पण नोंद करून लवकर बदलून घ्या. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. त्याचा नेमका कोड पुस्तकातूनच घ्या.

> तपासून बघा: ओतल्यावर झाकण घट्ट, काठी पूर्ण आत, कापड इंजिनावर विसरलेलं नाही. मग इंजिन चालू करून डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतो का ते बघा.

त्या दिव्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: दिवा लागला नाही म्हणजे ऑइल पुरेसं आहे. तो लाल दिवा दाबाचा आहे, पातळीचा नाही. तो लागतो तेव्हा पंपाला ऑइल मिळेनासं झालेलं असतं आणि बेअरिंग कोरडे घासायला लागलेले असतात. चालताना लागला तर पुढचं गॅरेज शोधत जायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो बोलवा.

काही महागड्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते. तिथेही सपाट जागा आणि गरम इंजिन या अटी लागू आहेत, फक्त पुसायचं काम वाचतं.

### काठीवरचं ऑइल काय सांगतं

काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल, असं नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइलही काजळी धरून लवकर काळं होतं, आणि ते त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ते बराच काळ मधासारखं सोनेरी राहतं. म्हणून "अजून स्वच्छ आहे" म्हणत सर्व्हिस पुढे ढकलणारे बहुतेक सीएनजीवाले असतात. बदलायची वेळ किलोमीटर आणि महिन्यांवर ठरवा, रंगावर नाही.

दुधाळ, कॉफीसारखं ऑइल म्हणजे आत पाणी किंवा कूलंट गेलं. काठीवरच तसं दिसलं तर गाडी चालवू नका. मात्र फक्त ओतायच्या झाकणाच्या आत पिवळट मलई असेल आणि काठी स्वच्छ असेल, तर पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या केल्याने साचलेलं बाष्प असण्याचा संभव जास्त. एकदा तासभर हायवेला नेऊन आणा आणि पुन्हा बघा.

पातळी वाढली तर? ओतलं नाही आणि तरी पातळी वर गेली, हे कमी होण्याइतकंच गंभीर आहे. बीएस ६ डिझेल गाडी फक्त शहरात, थांबत-थांबत चालत असेल तर डीपीएफ साफ करण्यासाठी फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. काठीला डिझेलचा वास येतो, ऑइल पातळ लागतं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर बदलून घ्या आणि आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवा.

## टप्पा ६: इंजिन ऑइल, दुचाकी

दुचाकीत खुणांमधलं अंतर छोटं आणि एकूण ऑइलही थोडं. स्कूटरमध्ये पाऊण लिटरच्या आसपास, १०० सीसीच्या बाइकमध्ये सुमारे एक लिटर. म्हणून इथली शंभर मिलीची चूकही मोठी.

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेत. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्या माणसाला दोन्ही चाकांवर सरळ धरून ठेवायला सांगा. तीन ते पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा.

काठी झाकणालाच असेल तर ती आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे पुस्तकात बघा. ॲक्टिव्हा, स्प्लेंडर यांसारख्या गाड्यांत काठी पुसून नुसती टेकवायची असते, फिरवायची नाही. फिरवून बसवली की ती जास्त खोल जाते, पातळी खोटी चांगली दिसते आणि गाडी महिनोन्‌महिने कमी ऑइलवर पळते. स्कूटरवाल्यांची ही सर्वांत सामान्य चूक आहे. बुलेट आणि पल्सरच्या अनेक मॉडेलांत काठीऐवजी बाजूला काचेची खिडकी असते. काच बाहेरून पुसा, गाडी सरळ धरा, पातळी दोन खुणांमध्ये हवी. आतून काच काळी झाली असेल तर गाडी हलकेच डोलवून बघा.

कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये घालू नका. बाइकचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्याला घसरवतात. बाइकसाठी डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. स्कूटरचा क्लच कोरडा, वेगळा असतो, तिला एमबी चालतं. म्हणून स्कूटरचं एमबी ऑइल बाइकला नको. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ शे-सव्वाशे मिलीचं वेगळं गिअर ऑइलही असतं, ते सर्व्हिसला आठवणीने विचारा.

## घरी हात न लावलेला बरा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नव्या गाड्यांत बहुधा काठी नसतेच, आणि जिथे आहे तिथे पातळी ठरावीक तापमानाला, पुष्कळदा इंजिन चालू ठेवून वाचतात. साध्या गिअरबॉक्सची पातळी गाडीखाली बाजूच्या नटाच्या भोकापर्यंत हवी असते, ती लिफ्टवरच बघावी. जॅकवर एका बाजूने उचललेली गाडी सपाट नसते, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचंही नसतं.

काही बीएस ६ डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची, म्हणजे डीईएफची निळ्या झाकणाची टाकी असते. पंपावर ते स्वतः उभं राहून भरून घ्या. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवूही नका.

## गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर

पावसाळ्यात बेसमेंट तुंबलं आणि गाडीच्या आत पाणी आलं, तर पाणी ओसरल्यावर पहिली उबळ स्टार्टर मारण्याची येते. थांबा. आधी बॅटरीची उणे बाजूची तार सोडा, मग डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल, पातळी वर गेली असेल किंवा काठीवर पाण्याचे थेंब असतील तर पाणी इंजिनात आहे. एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर ओला असेल तरी तेच. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही हजारांत होणारं काम इंजिन उतरवण्यावर जातं. काठी स्वच्छ दिसली तरी पाणी सीटपर्यंत चढलं असेल तर चालू न करता टो करून न्या. गिअरबॉक्स ऑइल आणि ब्रेकचा द्रवही तपासायला सांगा.

## नोंद ठेवायची सवय

जुनी गाडी असेल तर पंधरा दिवसांनी, नवी असेल तर महिन्याने, आणि गणपतीला कोकणात निघण्याआधी दोन दिवस हा सगळा क्रम करा. निघायच्या सकाळी नको, काही सापडलं तर हाताशी वेळ हवा.

डॅशबोर्डच्या खणात छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी (पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण), कूलंटची पातळी, काही ओतलं असेल तर किती मिली आणि कोणतं. सर्व्हिसला गाडी देताना ते पान उघडून दाखवा. "गाडी ऑइल खाते वाटतं" असं ऐकून गॅरेजवाला मान डोलावतो. "२,४०० किलोमीटरमध्ये अर्धा लिटर, खाली डाग नाही, सकाळी चालू करताना निळसर धूर" असं सांगितलंत की तो थेट व्हॉल्व्ह सीलपासून बघायला सुरुवात करतो.